व्ही-डब्ल्यू, जे-झेड, एस-एसएच : खान्देशी कानाला आणि तोंडाला हे आवाज वेगळे कसे करता येतील?

प्रश्न थोडक्यात असा आहे. शिरपूरकडचा एक पदवीधर मुलगा. घरी अहिराणी, शाळा मराठी माध्यमाची. पुण्यात कस्टमर सपोर्टच्या नोकरीसाठी मुलाखती देतो आहे. व्याकरण ठीक आहे, पण दोन ठिकाणी ‘उच्चार स्पष्ट नाहीत’ असे ऐकावे लागले. व्ही आणि डब्ल्यू, जे आणि झेड, एस आणि एसएच या जोड्या त्याला ऐकतानाच एकसारख्या वाटतात. मग बोलताना फरक करायचा कसा, आणि जमायला किती दिवस लागतील?

भाऊ, यात दोन अडचणी एकमेकींत गुंतल्या आहेत. कानाला फरक कळत नाही आणि तोंडाला जागा सापडत नाही. या दोन्हींना एकच औषध लागू पडत नाही. जो आवाज ओठांवर दिसतो, तो आधी आरशात पकडावा. जो तोंडाच्या आत होतो, तो आधी कानाने आणि घशावर बोट ठेवून पकडावा. व्ही आणि डब्ल्यू पहिल्या गटात येतात, जे आणि झेड दुसऱ्या. एस आणि एसएच यांचे दुखणे तिसरेच आहे, ते पुढे सांगतो.

दिवसांचे म्हणाल तर रोज पंधरा मिनिटे धरली, तर एक जोडी सुट्या शब्दांत ओळखता आणि म्हणता यायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात. भराभर बोलताना ती आपोआप निघायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. त्यामुळे सगळ्या जोड्या एकदम धरू नका. समोर ऐकणारा कोण आहे यावरही बरेच अवलंबून आहे. पुण्यातला मुलाखत घेणारा काही गोष्टी सहज चालवून घेतो. अमेरिकेतला ग्राहक तिथेच अडखळतो.

या गोंधळाचे एक मोठे कारण आपली वही आहे. शाळेत इंग्रजी शब्दाखाली देवनागरीत उच्चार लिहून घ्यायची सवय लागते. देवनागरीत ‘वेस्ट’ लिहिले की ती पश्चिम दिशा, कचरा, की अंगात घालायची बंडी, हे कळत नाही. इंग्रजीत मात्र हे तीन वेगळे उच्चार आहेत. बंडी व्हीने सुरू होते, दिशा आणि कचरा डब्ल्यूने, आणि कचऱ्यातला स्वर लांब आहे. बरे, ‘व्ह लिहिले की व्ही समजायचे’ हा नियमही टिकत नाही. ‘व्हॅन’मधला व्ह हा व्ही आहे, पण ‘व्हाइट’, ‘व्हील’, ‘व्हॉट’ यांतला व्ह म्हणजे डब्ल्यू-एच, आणि इंग्रजीत त्याचा उच्चार डब्ल्यूचाच होतो. म्हणून पहिले काम हे, की सरावाच्या वहीत इंग्रजी शब्द इंग्रजी लिपीतच लिहा आणि शेजारी मराठीत फक्त अर्थ लिहा. मी इथे सगळे देवनागरीत लिहितो आहे, म्हणून अक्षराचे नाव आणि अर्थ सोबत देतो. झेडच्या आवाजासाठी ‘ज़’ असे खाली टिंब देऊन लिहीन.

आता धीराची गोष्ट. यातले बहुतेक आवाज तुमच्या तोंडात आधीपासून आहेत. फक्त मराठीत ते ठरावीक स्वरांच्या शेजारीच येतात. तिथून उचलून त्यांना इंग्रजीत हव्या त्या जागी न्यायचे आहे. शिवाय घरी ‘डोया’ आणि वर्गात ‘डोळा’ म्हणणारा माणूस दिवसातून शंभर वेळा आवाज बदलतोच. ती सवय इथे कामाला येते.

झेडपासून सुरू करू, कारण तो रोजच्या खूप शब्दांत येतो. घरी तुम्ही ‘मना’ म्हणत असाल, पण शाळेतल्या मराठीतले ‘माझा’ आणि ‘माझी’ मोठ्याने म्हणा. दोन्हीत ‘झ’ लिहिलेला आहे, आवाज मात्र वेगळे आहेत. ‘माझा’त जिभेचे टोक दातांमागे राहते. ‘माझी’त जिभेचा मधला भाग वर उचलला जाऊन टाळूला लागतो. ‘ताजा’ आणि ‘ताजी’ यांतही तेच होते. मराठीत ई किंवा ए आला की आवाज टाळूकडे सरकतो, ही आपली पक्की सवय आहे. आणि इंग्रजीत तर झेडनंतर ई-ए सारखे येतात : ज़ीरो, ज़िप, ईज़ी, बिज़ी, विज़िट, म्यूज़िक. म्हणून आपला ‘झीरो’ ऐकणाऱ्याला जेसारखा लागतो, त्यात वर ‘ह’चा श्वासही मिसळलेला असतो.

सराव असा करा. ‘स्स्स्स’ असा तीन सेकंद लांब आवाज काढा. घशावर दोन बोटे ठेवा, थरथर लागणार नाही. आता जीभ जराही न हलवता घशातून आवाज सुरू करा. भुंग्यासारखी गुणगुण आली आणि बोटांना थरथर लागली, की तो झेड. तो तीन सेकंद ताणता आला पाहिजे. जे असा ताणता येत नाही. ‘ज’ ताणायला गेलात तर त्याच्या पुढचा ‘अ’च लांबतो, कारण जेमध्ये जीभ आधी टाळूला चिकटून हवा अडवते. म्हणजे खूण सोपी आहे : ताणला गेला तर झेड, अडला तर जे.

मग ‘माझा’तला मधला आवाज ताणा, श्वास न मिसळता : मा-ज़्ज़्ज़-आ. तो जमला की फक्त शेवटचा स्वर बदला : मा-ज़्ज़्ज़-ई. इथेच जीभ ‘माझी’कडे घसरते. ती घसरू देऊ नका, टोक ‘स’च्या जागीच राहू द्या. पाच-सहा वेळा नीट निघाले की ‘मा’ काढून टाका आणि ‘ज़ी-रो’ म्हणा.

शब्दाच्या शेवटचा झेड तर आपल्याकडे जवळजवळ सगळ्यांचाच सुटतो. ‘आहे’, ‘होता’, ‘कारण’ या अर्थांचे जे अगदी रोजचे इंग्रजी शब्द, इज़, वॉज़, बिकॉज़, ते एसने लिहितात पण झेडने म्हणतात. देवनागरीत ‘इज’, ‘वॉज’ असे वाचून आपण तिथे चक्क जे लावतो. अनेकवचनाचा एससुद्धा बहुतेक वेळा झेडच असतो : कॉल्ज़, फाइल्ज़, ऑर्डर्ज़, प्रॉब्लेम्ज़, डेज़. प, ट, क, फ या आवाजांनी शब्द संपत असेल तरच तो एस राहतो : लॅपटॉप्स, टिकिट्स, बुक्स.

शेवटचा झेड नीट ऐकू येण्यासाठी एक युक्ती आहे, आणि माझ्या मते ती झेडइतकीच महत्त्वाची आहे. त्याच्या आधीचा स्वर लांबवा. किंमत या अर्थाचा ‘प्राइस’ आखूड, बक्षीस या अर्थाचा ‘प्राऽइज़’ लांब. बर्फाचा ‘आइस’ आखूड, डोळ्यांचा ‘आऽइज़’ लांब. इंग्रजी कान शेवटच्या व्यंजनापेक्षा या लांबीवर जास्त भर देतो. हाच नियम ‘बॅक’ आणि ‘बॅग’, ‘कॅप’ आणि ‘कॅब’ या जोड्यांनाही लागू आहे. ग किंवा ब आधीचा स्वर साधारण दीडपट लांब ठेवा.

झेड नवा नवा जमला की लोक तो नको तिथेही लावतात आणि ‘ज़ॉब’, ‘मॅनेज़र’ असे होऊन बसते. जॉब, जॉइन, जून, मॅनेजर, मेसेज, पॅकेज यांत साधा जेच आहे. तिसरा एक आवाज यांच्या शेजारी राहतो. मोजमापाचा ‘मेझर’, निर्णयाचा ‘डिसिझन’ आणि ‘यूझ्वली’ यांतला. ‘श्श्श’ म्हणत असताना घसा सुरू करा, तो आवाज मिळतो. मोजके शब्द आहेत, त्यामुळे त्यावर फार वेळ घालवू नका.

आता व्ही आणि डब्ल्यू. मराठीचा ‘व’ या दोघांच्या अधेमधे आहे. खालचा ओठ वरच्या दातांजवळ जातो पण घासत नाही, आणि ओठ गोलही होत नाहीत. म्हणून इंग्रजी ऐकणाऱ्याला तुमचा व्ही डब्ल्यूसारखा आणि डब्ल्यू व्हीसारखा वाटू शकतो, आणि तुम्हाला मात्र वाटते की आपण दोन्ही एकाच तऱ्हेने आणि बरोबर म्हटले.

मोबाइलचा समोरचा कॅमेरा सुरू करा. व्हीसाठी वरच्या दातांची कड खालच्या ओठाच्या आतल्या कडेवर हलकेच टेकवा आणि हवा सोडत आवाज काढा. ओठाला गुदगुल्या झाल्या पाहिजेत, कॅमेऱ्यात वरचे दात दिसले पाहिजेत आणि आवाज तीन सेकंद ताणता आला पाहिजे. दात जोरात रोवलेत तर हवा अडून ‘ब’सारखे काहीतरी निघते. आणि ‘व्ह’मधला ‘ह’ पूर्ण विसरा. टीव्हीचा शेवट ‘व्ही’ असा श्वास सोडून म्हणायची आपल्याला सवय आहे, इंग्रजी व्हीमध्ये श्वास नाही, घर्षण आहे.

डब्ल्यूसाठी दात कुठेच लागत नाहीत. ओठ ‘ऊ’सारखे गोल आणि आवळलेले करा आणि तिथून पुढच्या स्वरावर झटकन उघडा. पश्चिम दिशेला आधी हळूहळू ‘उ-एस्ट’ म्हणा, मग वेग वाढवा. दारूचा ‘उ-आइन’ डब्ल्यूचा, द्राक्षाच्या वेलीचा ‘व्हाइन’ व्हीचा. कॅमेऱ्यात पहिल्या शब्दाला गोल ओठ आणि दुसऱ्याला दात दिसले, तर आवाज ऐकून खात्री करायचीही गरज नाही.

खान्देशात आणि एकूणच ग्रामीण बोलीत आणखी एक अडचण येते. ‘वीस’चे ‘ईस’ होते आणि ‘वेळ’चे ‘येळ’. ई-ए समोर आला की ‘व’ गळतो. म्हणून सरावाची सुरुवात नेमकी त्याच शब्दांपासून करा. व्हीचे : व्हिलेज, विज़िट, व्हेरी, व्हेंडर. डब्ल्यूचे : विंडो, वीक, वेट, वेदर. रावेर-यावलकडे केळीच्या निर्यातीत असणाऱ्यांना हाच सराव जहाजाचा ‘व्हेसल’ आणि वजनाचा ‘वेट’ या रोजच्या शब्दांवर करता येईल. डब्ल्यूनंतर ‘उ’ आला, म्हणजे लाकडाचा ‘वुड’ किंवा ‘वुमन’, तर ओठ नेहमीपेक्षा जास्त आवळून सुरू करा, नाहीतर नुसते ‘उड’, ‘उमन’ ऐकू येते.

सुटे शब्द जमले की दोन्ही आवाज एकत्र असलेले शब्द घ्या. ‘ट्वेल्व्ह’मध्ये आधी डब्ल्यू आणि शेवटी व्ही आहे. ‘व्हेरी वेल’, ‘वी व्हॅल्यू’, ‘वन विज़िट’. ग्राहकाशी बोलताना ‘वी व्हॅल्यू युअर टाइम’ हे वाक्य रोज येणार आहे, त्यात पहिला शब्द गोल ओठांचा आणि दुसरा दातांचा. हे एक वाक्य आरशात नीट निघाले तरी बरीच मजल मारली असे समजा.

एस आणि एसएच यांच्याबद्दल सरसकट काही सांगता येत नाही. मराठीत ‘स’ आणि ‘श’ दोन्ही आहेत, म्हणजे तोंडाला नवे काही शिकायचे नाही. पण घरच्या बोलीत ‘श’चा ‘स’ होत असेल, तर कोणत्या शब्दात कोणता आवाज आहे हे डोक्यात पक्के बसलेले नसते. मग ‘शीट’ची ‘सीट’ होते, आणि चूक टाळायच्या धास्तीने कपड्याच्या ‘सूट’चा ‘शूट’ होतो. इथे जिभेच्या कसरतीचा उपयोग नाही, स्पेलिंगचा आहे. एस-एच लिहिले की श, हे सोपे. फसवे शब्द वेगळे लिहून पाठ करा : शुअर, शुगर, मशीन, इश्यू, पेशंट, स्टेशन, ओशन. यांत एसएच कुठेच लिहिलेला नाही, आवाज मात्र तोच आहे. म्हणताना एसला ओठ पसरट ठेवा, एसएचला थोडे पुढे काढून गोल करा. आपल्या ‘श’पेक्षा इंग्रजीत ओठ जास्त गोल होतात.

ऐकण्याच्या बाबतीत एक तांत्रिक गोष्ट माहीत असू द्या. जुन्या पद्धतीच्या साध्या फोन कॉलवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला तितक्या कंपनांचा, एवढाच पट्टा पोचतो. एसचा जोर ४००० हर्ट्झच्या वर असतो, म्हणजे त्याचा बराचसा भाग वाटेतच गळतो आणि एस हा एफसारखा ऐकू येतो. एसएचचा जोर खाली, साधारण २५०० हर्ट्झपासून सुरू होतो, त्यामुळे तो त्यातल्या त्यात टिकतो. ‘एस फॉर अमुक, एफ फॉर तमुक’ असे सांगायची पद्धत यासाठीच आहे. तुम्हीही ती बिनदिक्कत वापरा, त्यात कमीपणा नाही. आणि कानाचा सराव कॉलवर किंवा मोबाइलच्या स्पीकरवर करू नका. चांगल्या रेकॉर्डिंगवर इअरफोन लावून करा.

तुम्ही न विचारलेली एक जोडी सांगतो, कारण परदेशी ग्राहकांसमोर तीच सर्वांत जास्त नडते. टाचणीला तुम्ही ‘पिन’ म्हणता, अमेरिकन माणसाला कचरापेटीची ‘बिन’ ऐकू येऊ शकते. १९६४ मध्ये लिस्कर आणि अब्रॅमसन या अमेरिकी संशोधकांनी अकरा भाषांमध्ये हे मोजले, आणि त्यात मराठीही होती. ओठ उघडल्यापासून घसा सुरू होईपर्यंत किती वेळ जातो, हे त्यांनी पाहिले. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीच्या पी, टी, के यांत हा वेळ साधारण ५० ते ८० मिलिसेकंद असतो आणि तेवढ्यात श्वासाचा झोत निघतो. आपल्या प, ट, क यांत तो फार थोडा असतो. इंग्रजी कान त्या झोतावरूनच पी आणि बी वेगळे करतो. झोत नसला की तो बी समजतो.

आपल्याकडे मात्र प, फ, ब, भ असे चार आवाज आहेत, त्यामुळे हा झोत आपल्याला फुकटात मिळतो. ‘पिन’ म्हणताना दोन्ही ओठ पूर्ण मिटून ‘फळ’मधल्या जुन्या, ओठ मिटणाऱ्या फचा श्वास द्या. ‘कॉल’ला ‘ख’चा थोडा श्वास, ‘टेन’ला ‘ठ’चा. तोंडासमोर चार बोटे अंतरावर कागदाची पट्टी धरा, ती हलली पाहिजे. पण आधी एस असेल तर झोत द्यायचा नाही : स्पिन, स्टॉप, स्कूल यांत पट्टी स्थिर राहिली पाहिजे. आणि दात ओठाला लावून फ काढू नका, तो एफ होईल आणि टाचणीऐवजी माशाचा पर निघेल.

टी-एचचे, म्हणजे ‘थ्री’ आणि ‘दिस’ यांतल्या आवाजांचे, सध्या सोडून द्या. खरा उच्चार जिभेचे टोक दातांच्या फटीत ठेवून हवा न अडवता करायचा असतो. आपला थ आणि द हवा अडवतात. भारतात ते चालते, मुलाखतीत कोणी त्यावर अडवत नाही. इंग्रजी मातृभाषा नसलेले लोक एकमेकांशी बोलताना कुठे गैरसमज होतात, याचा अभ्यास करून भाषातज्ज्ञ जेनिफर जेन्किन्स यांनी २००० मध्ये उच्चारांतल्या अत्यावश्यक गोष्टींचा एक गाभा मांडला. त्यात टी-एचचा हुबेहूब उच्चार गरजेचा धरलेला नाही. पी-टी-केचा श्वास आणि शेवटच्या व्यंजनाआधीची स्वराची लांबी मात्र त्यात आहे. प्रत्यक्षात शिकवतानाही हाच क्रम उपयोगी पडतो असे मी ठामपणे सांगेन.

रोजच्या पंधरा मिनिटांचे असे करा. एका जोडीचे वीस कार्ड बनवा, दहा या आवाजाचे, दहा त्या. एकच आवाज ऐकून कान तयार होत नाही. इंडियाना विद्यापीठात १९९१ मध्ये जपानी लोकांना आर आणि एल ओळखायला शिकवले, तेव्हा अनेक बोलणाऱ्यांचे आवाज आणि वेगवेगळे शब्द वापरले होते आणि त्याचा फायदा झाला. १९९७ च्या पुढच्या प्रयोगात तर केवळ ऐकण्याच्या सरावाने बोलणेही सुधारलेले दिसले. म्हणून ऑनलाइन शब्दकोशांतून प्रत्येक शब्दाचा ब्रिटिश आणि अमेरिकन, बाई आणि पुरुष, जेवढे मिळतील तेवढे आवाज घ्या. पाच मिनिटे ते उलटसुलट क्रमाने लावून फक्त ओळखा आणि लगेच उत्तर तपासा. विसातले दहा तर नुसत्या अंदाजानेही बरोबर येतात, त्यामुळे बारा-तेरावर समाधान मानू नका. सलग दोन दिवस अठरा आले की पुढची जोडी घ्या. पुढची पाच मिनिटे आरसा किंवा कॅमेरा, शेवटची पाच स्वतःचे रेकॉर्डिंग. ते रेकॉर्डिंग लगेच ऐकू नका, दुसऱ्या दिवशी ऐका आणि कोणता शब्द म्हटला होता ते न बघता ओळखायचा प्रयत्न करा. तुम्हाला स्वतःलाच ओळखता आला नाही, तर तो आवाज वेगळा निघालाच नाही असे समजा.

मोबाइलवर बोलून टाइप करायची सोय परीक्षेसाठी चांगली आहे, पण पूर्ण वाक्य बोलाल तर ती संदर्भावरून चूक दुरुस्त करून टाकते. एकेक सुटा शब्द बोला आणि भाषा ‘इंग्रजी, अमेरिका’ अशी निवडा. भारतीय इंग्रजी निवडले तर ती आपले उच्चार समजून घेते, आणि इथे आपल्याला तेच नको आहे.

मुलाखत आठवड्यावर आली असेल तर यातले काहीच पूर्ण होणार नाही. तेव्हा जे शब्द तुम्ही नक्की उच्चारणार आहात तेवढेच धरा : युनिव्हर्सिटी, सर्व्हिस, प्रीव्हियस, वर्क, वीक, बिकॉज़, वॉज़, ईज़ी, कस्टमर्ज़. यांची उजळणीच रोज तीन वेळा आरशासमोर करा, मग त्यांच्याभोवती स्वतःची ओळख सांगणारी सहा-सात वाक्ये बांधा आणि तीच वाक्ये रेकॉर्ड करत राहा. मुलाखतीत वेग नेहमीपेक्षा थोडा कमी ठेवा. व्हीला दात आणि डब्ल्यूला ओठ पोचायला तेवढा वेळ लागतो.